विश्लेषण : पाटीवरचा ‘डॉ.’ खरा की खोटा? नोंदणीचा फायदा कुणाला, भार कुणावर?

दवाखान्याची पायरी चढताना रुग्ण डॉक्टरची पदवी विचारत बसत नाही. पाटीवर ‘डॉ.’ आहे, गर्दी आहे, शेजारच्या माणसाला गुण आला आहे, एवढे त्याला पुरते. या विश्वासाचा गैरफायदा कसा घेतला जातो, हे सातारा आणि सांगली जिल्ह्यांनी पाहिले आहे. आता क्यूआर कोड, राष्ट्रीय नोंदवही आणि होमिओपॅथी डॉक्टरांची स्वतंत्र नोंद असे नवे उपाय येत आहेत. त्यातून रुग्णाला खरोखर संरक्षण मिळेल का? आणि रीतसर काम करणाऱ्या डॉक्टरला त्याची काय किंमत मोजावी लागेल?

वाई आणि म्हैसाळमध्ये काय घडले होते?

ऑगस्ट २०१६ मध्ये सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या धोम येथून एकामागून एक मृतदेह उकरून काढण्यात आले. अंगणवाडी सेविकांच्या एका नेत्या बेपत्ता झाल्याच्या तपासातून हे प्रकरण बाहेर आले. २००३ ते २०१६ या काळात सहा जणांची हत्या केल्याचा आरोप ज्याच्यावर ठेवण्यात आला, तो परिसरात ‘डॉक्टर’ म्हणूनच ओळखला जात होता. त्याने वाईतील एका खासगी रुग्णालयातही काम केले होते. प्रत्यक्षात त्याच्याकडे इलेक्ट्रोहोमिओपॅथीची पदवी असल्याचे तेव्हा समोर आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तर २००३ च्या नोव्हेंबरमध्येच स्पष्ट केले होते, की या पद्धतीला मान्यता नाही आणि ती वापरणाऱ्यांनी नावापुढे ‘डॉक्टर’ लावू नये.

त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यातले म्हैसाळ राज्यभर चर्चेत आले. बेकायदा गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाला. पोलिसांनी तपास सुरू केला, तेव्हा ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. रुग्णालय चालवणाऱ्याकडे होमिओपॅथीची पदवी होती. म्हणजे तो आपल्या शास्त्रापुरता शिकलेला होता. पण गर्भपात करण्याचा अधिकार त्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा आहे आणि तो कोणत्या डॉक्टरला, कोणत्या ठिकाणी गर्भपात करता येईल हे ठरवून देतो.

ही दोन प्रकरणे एकसारखी नाहीत. वाईत पदवीच मान्यतेची नव्हती. म्हैसाळमध्ये पदवी होती, पण काम तिच्या कक्षेबाहेरचे होते. दोन्हीकडे कायदा मात्र आधीपासून होता. कागद पाहण्याची वेळ आली ती मृतदेह सापडल्यानंतर.

डॉक्टरची नोंदणी म्हणजे नेमके काय?

केवळ पदवी मिळाली म्हणून रुग्ण तपासता येत नाहीत. त्या पदवीची राज्याच्या परिषदेकडे नोंद व्हावी लागते. आपल्याकडे ही व्यवस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. १९३८ च्या कायद्याने वैद्य आणि हकिमांच्या नोंदणीची सोय केली.

आज महाराष्ट्रात डॉक्टरांच्या तीन वेगवेगळ्या नोंदवह्या आहेत. एमबीबीएस आणि त्यापुढील पदव्यांची नोंद १९६५ च्या कायद्याखालील महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. आयुर्वेद आणि युनानीची महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे, तर होमिओपॅथीची महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे. दंतवैद्यांची परिषद त्याहून वेगळी.

रुग्णाच्या दृष्टीने गोंधळ इथूनच सुरू होतो. पाटीवर तिघांच्याही नावाआधी ‘डॉ.’ असते. कोणत्या परिषदेकडे चौकशी करायची, हे कळण्यासाठी आधी पदवीची अक्षरे ओळखावी लागतात.

नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास शिक्षा काय?

महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तालुका पातळीवर तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करता येते.

कारवाई मात्र बहुतेक वेळा तक्रार आल्यावरच होते. गावात दुसरा डॉक्टर नसेल, तर तक्रार करायला सहसा कोणी पुढे येत नाही. छापा पडला तरी काही दिवसांनी तोच माणूस शेजारच्या गावात बसलेला दिसतो, हा ग्रामीण भागातला नेहमीचा अनुभव आहे.

क्यूआर कोडने काय बदलते?

महाराष्ट्र वैद्यक परिषदेने २०२५ च्या सुरुवातीला ‘नो युवर डॉक्टर’ म्हणजेच ‘आपल्या डॉक्टरला ओळखा’ ही सुविधा आणली. परिषदेकडे नोंद असलेल्या डॉक्टरला स्वतंत्र क्यूआर कोड मिळतो आणि तो दवाखान्यात दिसेल असा लावायचा असतो. रुग्णाने मोबाइलने तो स्कॅन केला, की डॉक्टरचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची स्थिती समोर येते.

उपाय सोपा आहे आणि स्वस्तही. आतापर्यंत नोंदणी तपासणे हे सरकारी अधिकाऱ्याचे काम मानले जात होते. ते प्रथमच रुग्णाच्या हातात आले. बाहेरगावाहून मिरजेला उपचारासाठी येणाऱ्यांना याचा विशेष उपयोग आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णसेवा सुरू केली, तेव्हापासून हे शहर दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रुग्णांचे ठिकाण झाले. परक्या गावात, परक्या भाषेत उपचार घेणाऱ्याला डॉक्टर ओळखीचा नसतो. त्याला आधार असतो तो कागदाचा.

पण या कोडला मर्यादा आहेत. तो फक्त महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या डॉक्टरांपुरता आहे. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे हा कोड नसला, म्हणजे तो बोगस ठरत नाही. त्यामुळे ज्या खेड्यांत बहुतांश दवाखाने याच दोन शास्त्रांच्या पदवीधरांचे आहेत, तिथे कोड नसणे हे धोक्याचे चिन्ह आहे की नाही, हे रुग्णाला सांगता येत नाही.

देशपातळीवरही असाच प्रयत्न सुरू आहे. राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीचे संकेतस्थळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झाले. देशात ॲलोपॅथीचे १३ लाखांहून अधिक नोंदणीकृत डॉक्टर आहेत. त्यांनी राज्य परिषदेकडे नोंद असतानाही आधार आणि पदव्यांची कागदपत्रे पुन्हा भरायची आहेत. प्रतिसाद संथ राहिला, याचे एक कारण हेच.

मग फट कुठे राहते?

पहिली फट दवाखान्यांची. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंद १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. हा कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांना, म्हणजे खाटा असलेल्या रुग्णालयांना लागू आहे. एका खोलीत, खाटेशिवाय चालणारा दवाखाना त्यात बसत नाही. अशा दवाखान्यांनाही कक्षेत घेणारा केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. बोगस डॉक्टर बहुधा अशाच एका खोलीत बसतो आणि तीच खोली या नोंदीबाहेर राहते.

दुसरी फट, रद्द झालेल्या नोंदणीची. बीड जिल्ह्यातील परळीच्या गर्भपात प्रकरणात एका एमबीबीएस डॉक्टरला २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याचा वैद्यकीय परवाना रद्द झालेला होता. तरीही २०२० मध्ये तो परळीजवळ पुन्हा रुग्ण तपासत असल्याचे आढळले आणि त्याला पुन्हा अटक झाली. परवाना रद्द झाल्याची नोंद मुंबईत होते. ती औषध दुकानदार, पोलीस पाटील, ग्रामपंचायत आणि रुग्ण यांच्यापर्यंत आपोआप पोहोचण्याची सोय नाही.

तिसरी फट सीमेची. म्हैसाळ कर्नाटकच्या सीमेला लागून आहे. त्या प्रकरणाच्या तपासात कर्नाटकातील डॉक्टरांनाही अटक झाली होती. रुग्ण आणि दलाल सीमा सहज ओलांडतात. दोन राज्यांच्या परिषदांच्या नोंदवह्या मात्र स्वतंत्र राहतात.

होमिओपॅथीच्या वादाचा याच्याशी संबंध काय?

पदवी एका शास्त्राची आणि औषध दुसऱ्याचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईतल्याच एका प्रकरणातून गेला होता. होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्यानंतर रुग्ण दगावला. ‘पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल’ या खटल्यात १९९६ मध्ये न्यायालयाने ठरवले, की ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा. तो वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही.

ग्रामीण भागात एमबीबीएस डॉक्टर मिळत नाहीत, या कारणावरून राज्य सरकारने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे ‘सीसीएमपी’, पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना मर्यादित ॲलोपॅथी औषधे देण्याचा मार्ग खुला झाला. इंडियन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे आयएमएने, त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले.

२०२५ मध्ये हा वाद पुन्हा पेटला. सीसीएमपी उत्तीर्ण डॉक्टरांची नोंद १५ जुलैपासून सुरू करण्याचे महाराष्ट्र वैद्यक परिषदेने जाहीर केले. आयएमएच्या विरोधानंतर ती थांबली आणि मग होमिओपॅथी डॉक्टर आंदोलनात उतरले. ५ सप्टेंबर रोजी सरकारने स्वतंत्र नोंदवहीत नोंद करण्याचा आदेश काढला. त्याविरोधात १८ सप्टेंबरला आयएमएने राज्यभर २४ तासांचा संप केला.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची जागा एक वर्षाचे प्रमाणपत्र घेऊ शकत नाही, असे आयएमए म्हणते. गावोगावी हे डॉक्टर आधीपासूनच ॲलोपॅथीची औषधे देत आहेत. त्यांना निदान प्रशिक्षण आणि नोंद तरी मिळू द्या, असे दुसरी बाजू म्हणते. रुग्णाच्या बाजूने पाहिले, तर एक तिसरा मुद्दा उरतो. स्वतंत्र नोंदवही झाली, तर कोणता डॉक्टर कोणत्या मर्यादेत औषधे देऊ शकतो, हे चिठ्ठी पाहणाऱ्या औषध दुकानदाराला आणि रुग्णाला ओळखता आले पाहिजे. तसे नसेल, तर तीन नोंदवह्यांत चौथी वाढेल, इतकेच.

प्रामाणिक डॉक्टरांवर भार कोणता?

माण, खटाव, आटपाडी किंवा जतसारख्या तालुक्यात दहा-पंधरा खाटांचे प्रसूतिगृह चालवायचे, तर डॉक्टरला काय काय सांभाळावे लागते, ते पाहू.

• परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० तास.
• शुश्रूषागृहाची नोंद दर तीन वर्षांनी. नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलांनंतर रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे.
• सोनोग्राफी यंत्र असेल, तर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली पाच वर्षांसाठी नोंदणी आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा ‘एफ’ अर्ज.
• गर्भपात केंद्राची स्वतंत्र मान्यता.
• जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र.
• अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत.
• एक्स-रे यंत्र असेल, तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी.
• महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि प्रत्येक विमा कंपनीच्या यादीत येण्यासाठी पुन्हा पदव्या, नोंदणी आणि मनुष्यबळाचा तपशील.

यातली प्रत्येक अट कुठल्या ना कुठल्या अनुभवातून आली आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा नवजात बालके दगावली. अग्निसुरक्षेची तपासणी कडक का हवी, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. ‘एफ’ अर्जातील किरकोळ लेखनिकी चुकांना गुन्हा मानू नका, अशी मागणी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात केली होती. न्यायालयाने ती मे २०१९ मध्ये फेटाळली. नोंदी ठेवणे हाच त्या कायद्याचा कणा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हैसाळ आठवले, की या भूमिकेचे कारण समजते.

तक्रार आहे ती पुनरावृत्तीची. एकच पदवी, एकच नोंदणी क्रमांक, पण ती कागदपत्रे प्रत्येक कार्यालयात नव्याने द्यायची. मिरज, सांगली किंवा कराडमध्ये अनेक रुग्णालयांत जाऊन शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचे हेच दुखणे आहे. ‘एनएबीएच’ मानांकन असलेल्या रुग्णालयाला प्रत्येक डॉक्टरची पात्रता तपासून, त्याला कोणती शस्त्रक्रिया करण्याची मुभा आहे हे लेखी ठेवावे लागते. ही पद्धत रुग्णाच्या हिताची आहे. पण डॉक्टर चार रुग्णालयांत जात असेल, तर चार फायली तयार होतात.

त्याचा परिणाम रुग्णावर होतो का?

होतो. मोठ्या रुग्णालयाकडे या कामासाठी वेगळे कर्मचारी असतात. लहान रुग्णालयात हे काम डॉक्टर स्वतः किंवा त्याची परिचारिका करते. हा वाढता खर्च अखेर बिलात येतो, किंवा पुढची पिढी तालुक्याच्या गावी रुग्णालय चालवायला तयार होत नाही. जवळचे प्रसूतिगृह बंद पडले, की अडलेल्या बाळंतिणीला रात्री कराड किंवा मिरज गाठावे लागते.

डोंगरी भागात तर प्रश्न आणखी अवघड आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील कांदाटी खोऱ्यात किंवा पाटणच्या वाड्यांवर तज्ज्ञ डॉक्टर सोडा, एमबीबीएस डॉक्टरही सहज मिळत नाही. सरकारने स्वतःच अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी नेमले आहेत. कागदाची अट कडक करताना तिथे पर्यायी डॉक्टर दिला नाही, तर ती जागा रिकामी राहत नाही. तिथे नोंद नसलेला माणूस येऊन बसतो.

इतर देशांत काय केले जाते?

ब्रिटनमध्ये १८५८ पासून डॉक्टरांची एकच सार्वजनिक नोंदवही आहे आणि ती कोणालाही पाहता येते. २०१२ च्या अखेरीपासून तिथे दर पाच वर्षांनी डॉक्टरच्या कामाचे पुनर्मूल्यांकन होते. त्यात सहकारी आणि रुग्णांचे अभिप्रायही विचारात घेतले जातात. अमेरिकेत बहुसंख्य विमा कंपन्या एका सामायिक माहितीसाठ्याचा आधार घेतात. डॉक्टर आपली माहिती तिथे एकदा भरतो, दर १२० दिवसांनी ती बरोबर असल्याचे कळवतो आणि कंपन्या तिथूनच ती वाचतात. तरीही तिथल्या डॉक्टरांची कागदपत्रांबद्दलची कुरकुर संपलेली नाही.

आता करता येण्याजोगे काय?

नवे प्रमाणपत्र न वाढवताही तीन गोष्टी होऊ शकतात. पहिली, सर्व परिषदांच्या डॉक्टरांसाठी एकाच ठिकाणी शोध. रुग्णाने नाव किंवा क्रमांक टाकला, की तो ॲलोपॅथीचा, आयुर्वेदाचा की होमिओपॅथीचा आणि त्याच्या कामाची मर्यादा काय, हे मराठीत दिसावे. दुसरी, निलंबित आणि रद्द नोंदणीची माहिती त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सक, तालुका आरोग्य अधिकारी, पोलीस ठाणे आणि औषध प्रशासनाला जावी. तिसरी, परिषदेने एकदा तपासलेली पदवी इतर सर्व कार्यालयांनी ग्राह्य धरावी. डॉक्टरकडून पुन्हा मागू नये. यात तिसरी गोष्ट डॉक्टरचा भार कमी करते, तर पहिल्या दोन रुग्णाचे संरक्षण वाढवतात.

तोपर्यंत रुग्णाने काय पाहावे?

• पाटीवर नावासोबत पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का? आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी हा क्रमांक दवाखान्यात, औषधाच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पावतीवर लिहिणे २००२ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.
• एमबीबीएस म्हणजे ॲलोपॅथी, बीएएमएस म्हणजे आयुर्वेद, बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथी. अनोळखी अक्षरे दिसली, तर ती कोणत्या परिषदेची नोंद, हे विचारावे.
• क्यूआर कोड स्कॅन केल्यावर परिषदेचेच संकेतस्थळ उघडते का आणि पडद्यावरचे नाव समोरच्या डॉक्टरचेच आहे का, हे पाहावे.
• शस्त्रक्रिया, भूल किंवा गर्भपात असेल, तर ते करणारा डॉक्टर कोण आणि त्याची पदवी काय, हे आधी विचारावे. असा प्रश्न विचारणे हा अपमान नाही. तो रुग्णाचा हक्क आहे.
• संशय आल्यास तालुका आरोग्य अधिकारी, शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा संबंधित परिषदेकडे लेखी तक्रार करावी.

नोंदणीचा कागद डॉक्टरची सचोटी सांगत नाही. परळीच्या डॉक्टरकडे खरी पदवी होती. तो फक्त एवढेच सांगतो, की हा माणूस काय शिकला आहे आणि त्याला काय करण्याची परवानगी आहे. वाई आणि म्हैसाळमध्ये एवढी माहितीही कुणी वेळेत मागितली नव्हती.